लांब रायफल व तिच्यावरील चांदीचा तारा

आमच्या वर्गांत एके दिवशीं एक चित्र हातोहात फिरलें. अमेरिकेंतील एका वस्तुसंग्रहालयाच्या सूचिपत्रांतील तें एक पान होतें, आणि त्यावर सुमारें पांच फूट लांबीची एक जुनी बंदूक आडवी दाखविली होती. मुलांनीं अपेक्षेप्रमाणें प्रथम नळीची लांबी पाहिली, घोडा कोठें आहे तें पाहिलें, आणि "हिचा पल्ला किती, सर?" असें विचारलें. परंतु शेवटच्या बांकावरील एका मुलानें विचारलेला प्रश्न मात्र आमच्या मनांत घर करून राहिला. नेम धरतांना दस्त्याच्या ज्या भागावर गाल टेकतो, तेथें चांदीचा आठ टोकांचा एक तारा लांकडांत बसविलेला होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, शिकारीच्या हत्याराला हा दागिना कशाला?" आम्हीं त्या वेळीं कांहीं तरी थोडक्यांत उत्तर दिलें. तें आमचें आम्हांलाच पटलें नाहीं. म्हणून हा लेख.

ह्या बंदुकीचें लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव 'केंटकी रायफल' असें आहे; पण त्या नांवावर विसंबून जो विद्यार्थी नकाशांत केंटकी शोधूं लागेल तो फसेल. ती घडविणारे कारागीर बहुतेक पेनसिल्व्हेनियांतले. केंटकीचा संबंध मुख्यतः इतकाच कीं, अपालाचियन पर्वत ओलांडून तिकडील अरण्यांत शिरणारे शिकारी व वसाहतवाले ती खांद्यावर घेऊन गेले. इ. स. १८१५ च्या जानेवारींत न्यू ऑर्लिन्स येथें जनरल अँड्र्यू जॅक्सन याच्या सैन्यानें इंग्रजांचा पराभव केला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं सॅम्युएल वुडवर्थ याचें 'केंटकीचे शिकारी' हें गीत लोकप्रिय झालें, आणि त्या गीताबरोबर हें नांवहि पसरलें. गंमत अशी कीं, त्या लढाईस आलेल्या केंटकीच्या लोकांपैकीं बहुतेकांजवळ बंदुकाच नव्हत्या, व इंग्रजांची फार मोठी हानि झाली ती तोफांनीं. आम्ही या लेखांत तिला नुसतें 'लांब रायफल' म्हणूं.

इ. स. १७०० नंतर जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांतून पुष्कळ कुटुंबें पेनसिल्व्हेनियांत येऊन राहिलीं. लँकॅस्टर गांवाच्या आसपास व तेथून पूर्वेकडे त्यांनीं शेतें केलीं, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे लोहार, सुतार व बंदुका घडविणारे कारागीरहि आले. मायदेशीं हे कारागीर जी शिकारीची रायफल करीत असत, तिला 'येगर' म्हणत. येगर म्हणजे जर्मन भाषेंत शिकारी. तिची नळी आखूड, सुमारें अडीच फुटांची, आणि तोंड मोठें. जर्मनींतील शिकारी रानांत जाऊन संध्याकाळीं घरीं परतणारा; अमेरिकेंतील शिकारी आठवडेच्या आठवडे दुकानाचें तोंड न पाहणारा. जें शिसें व जी दारू पाठीवर वाहून नेतां येईल तेवढ्यावरच त्याचें पोट. एका पौंड शिशाच्या येगर रायफलीसाठीं सुमारें वीस गोळ्या होत; तोंड अर्ध्या इंचाहून किंचित् लहान केलें कीं त्याच शिशाच्या पन्नासाच्या आसपास गोळ्या पडत. म्हणून तोंड बारीक झालें. दारूला जळावयास पुरेशी लांबी मिळावी, आणि मागची खांच व पुढची माशी यांमधील अंतर वाढून नेम अधिक अचूक धरतां यावा, म्हणून नळी लांबत लांबत साडेतीन-पावणेचार फुटांपर्यंत गेली. अशा रीतीनें ज्या आकाराचें आज आपण कौतुक करतों तो आकार प्रथम काटकसरींतून जन्मास आला.

आतां 'रायफल' म्हणजे काय हें येथेंच सांगून टाकूं, कारण वरच्या वर्गांतील मुलेंहि कोणत्याहि बंदुकीस रायफल म्हणतांना आम्हीं ऐकलें आहे. साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. गोळी तिच्या अंगावर येथें तेथें घासत बाहेर पडते, आणि शेवटच्या क्षणीं जिकडे घासेल तसा तिला कोणता तरी गिरका मिळतो. क्रिकेटच्या चेंडूला बोटांनीं पीळ दिला म्हणजे तो हवेंत वळतो हें तुम्हांस ठाऊक आहे. गोळीचेंहि तसेंच होतें, फरक एवढाच कीं तो पीळ कोणाच्याहि इच्छेचा नसतो. रायफलीच्या नळींत सात किंवा आठ चरे मळसूत्राप्रमाणें वळत गेलेले असतात. जुन्या लांब रायफलींत हा वळसा सामान्यतः चार फुटांत एक इतका मंद असे. त्यामुळें गोळी पुढें जातां जातां आपल्या वाटेभोंवतींच फिरते, आणि फिरत्या भोंवऱ्याप्रमाणें स्थिर राहते. साध्या बंदुकीनें शंभर वारांपलीकडे माणसावर नेम धरणें म्हणजे दैवावर हवाला ठेवणें. चांगला नेमबाज लांब रायफलीनें दोनशें वारांवर भरंवशानें गोळी मारी.

परंतु गोळीनें चऱ्यांना घट्ट धरलें पाहिजे, आणि ती तर तोंडाकडून ठासावयाची! येगरवाले पुष्कळदां घट्ट गोळी हातोडीनें ठोकून आंत घालीत. पेनसिल्व्हेनियांत जी रीत रूढ झाली तींत गोळी नळीहून किंचित् लहान घेत व चरबी लावलेल्या कापडाच्या किंवा हरणाच्या कातड्याच्या लहानशा चिंधींत लपेटून गजानें सहज खालीं सारीत. चिंधी चऱ्यांत दाबून बसे व गोळीला पीळ देई. रायफलीची सारी करामत ह्या चिंधीवर अवलंबून; आणि ती ठेवण्यासाठीं दस्त्याच्या उजव्या बाजूस लांकूड कोरून एक लहान पेटी करीत. आरंभीं तिला सरकतें लांकडी झांकण असे, पुढें बिजागरीचें पितळी झांकण आलें. वाचकांनीं ही पेटी लक्षांत ठेवावी.

नळी घडविणें हें काम आतां कोणी हातानें करूं म्हटलें तर दांतीं तृण धरील. कमावलेल्या लोखंडाची जाड पट्टी भट्टींत तापवून सळईभोंवतीं वळवीत, आणि थोडा थोडा भाग पुनः पुनः तापवून सांधा ठोकून एकजीव करीत. नंतर लांब गिरमिटानें आंतील भोंक साफ करीत. नळी सरळ झाली कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति तर आम्हांला फारच आवडली: धनुष्यासारख्या कामठीला ताणलेला दोरा नळींतून ओंवून भिंतीला टेकवीत, आणि दोरा व लोखंड यांमध्यें कोठें फट दिसते तें डोळ्यानें पाहत, फट दिसली कीं हातोड्याचा हलका ठोका. चरे पाडण्यासाठीं एका जाड लांकडी दांड्यावर मळसूत्र कोरून ठेवलेलें असे. त्याच्या वळणानें फिरत जाणाऱ्या गजाच्या टोकाला करवतीसारखें लहान पातें लावीत, आणि एकेक चरा कितीदां तरी ओढून खोल करीत. पातें पुरेसें लागेनासें झालें कीं त्याच्याखालीं कागदाचा एक कपटा सरकवीत. कागदाच्या जाडीचें हें माप! एवढें सारें हातांनीं करणारे कारागीर चाप व चकमकीचा सांचा मात्र पुष्कळदां इंग्लंड-जर्मनीहून आलेला विकत घेत.

दस्त्याला मेपलचें लांकूड वापरीत, आणि तेंहि ज्याचे तंतु नागमोडी वाढलेले आहेत असें निवडून. अशा लांकडावर वाघाच्या अंगावरील पट्ट्यांसारखे आडवे पट्टे दिसतात. ते उठून दिसावे म्हणून नत्राम्लांत लोखंडाचा कीस विरघळवून तें पाणी लांकडाला लावीत, आणि तापलेलें लोखंड जवळ धरून ऊब देत. पाहतां पाहतां फिकट लांकूड मधाच्या किंवा तांबूस तपकिरी रंगाचें होऊन पट्टे वर येत. रसायनशास्त्राच्या तासाला नत्राम्लाला नुसतें धोक्याचें द्रव्य म्हणून शिकणाऱ्या मुलांनीं हा उपयोगहि वहींत टिपून ठेवावा.

आतां चांदीच्या ताऱ्याकडे येऊं. त्या काळीं चांदीचा पत्रा बाजारांत सहज मिळत नसे. मिळत तीं स्पॅनिश रुप्याचीं नाणीं. कारागीर नाणें ठोकून पातळ करी, त्यांतून तारा, चंद्रकोर, बदाम किंवा मासा कापी, आणि कानशीनें त्याच्या कडा अशा उतरत्या घांसी कीं वरची बाजू खालच्या बाजूहून केंसभर मोठी राहावी. मग तो तुकडा लांकडावर ठेवून अणकुचीदार टोकानें भोंवतीं रेघ ओढी, रेघेच्या आंतील लांकूड पटाशीनें तेवढेंच खोल काढी, आणि तुकडा दाबून बसवी. उतरत्या कडेमुळें तो पाचरीसारखा घट्ट बसे. दोन-चार बारीक खिळे मारून वरून सर्व एकसपाट घांसलें, म्हणजे खिळ्यांचीं डोकीं चांदींत चांदी मिळाल्यामुळें दिसेनाशीं होत. शेवटीं टाकीनें त्यावर वेलबुट्टी कोरावयाची. बिदरचें काम पाहिलेल्यांना हें ओळखीचें वाटेल. परंतु बिदरी कामांत चांदी धातूंत बसते, आणि धातु ऋतूप्रमाणें फुगत नाहीं. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आक्रसतें, चांदी मात्र तेवढीच राहते. म्हणून दोनशें वर्षांनंतरहि ज्याची कड बोटाला लागत नाहीं असा तारा बसविणाऱ्यानें लांकूड किती सुकवून घेतलें असेल याचा विचार करावा.

हें सर्व वाचून आम्हांला अवसान चढलें, आणि शाळेच्या सुतारकामाच्या वर्गांत जाऊन आम्हीं एका सागवानी पेटीच्या झांकणावर पितळेची चंद्रकोर बसविण्याचा घाट घातला. मिस्त्रींनीं हंसून पटाशी हातीं दिली. चंद्रकोरीच्या दोन टोंकांपैकीं एक बऱ्यापैकीं बसलें. दुसऱ्या टोंकाशीं सागाची चीर तंतूबरोबर धांवत पाव इंच पुढें गेली. मिस्त्री एवढेंच म्हणाले, "टोंक आधीं कापायचं असतं, सर, पोट मागून." ती चीर आम्हीं मेणानें बुजविली आहे, पण दिसते. तो बांकावरील मुलगा त्या दिवशीं तेथेंच उभा होता. त्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्याला तेव्हांच मिळालें असावें. नळी सरळ आहे कीं नाहीं हें गिऱ्हाइकाला दुकानांत कळत नसे. पण ज्या हातानें तारा असा बसविला त्या हातानें नळीहि चोख केली असेल असें त्याला वाटे. दागिना हा कारागिराचा एक प्रकारचा जामीन होता.

उरलेलें अर्धें उत्तर त्या लोकांच्या घरांत सांपडतें. ट्यूलिपचें फूल, बदाम, पक्षी, तारे हीं चिन्हें ह्या जर्मन कुटुंबांच्या रंगविलेल्या लांकडी पेट्यांवर आहेत, आणि मुलांच्या जन्माच्या व बाप्तिस्म्याच्या हस्तलिखित दाखल्यांभोंवतींहि आहेत. तींच रायफलीवर उतरलीं. चिंधीच्या पेटीचें पितळी झांकण ही तर कारागिराची पाटीच झाली. लँकॅस्टरच्या कारागिरांनीं झांकणाच्या वरच्या बाजूस डेझीच्या फुलाचा आकार काढला, दुसऱ्या परगण्यांनीं दुसरे, आणि जाणकार मनुष्य आज नुसती पेटी पाहून रायफल कोणत्या भागांतली हें बहुधा सांगूं शकतो. चांदीचा मासा पाहून आमच्या मनांत प्राचीन ख्रिस्ती लोकांच्या माशाच्या चिन्हाची आठवण झाली हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु चिन्ह दिसलें कीं त्याला आपल्या मनाचा अर्थ चिकटविण्याची घाई इतिहासाच्या विद्यार्थ्यानें करूं नये. नदीकांठीं राहणाऱ्या माणसाचा मासा हा नुसता मासाहि असूं शकतो.

सुमारें १७९० पासून १८२० पर्यंतचा काळ ह्या कलेचा सुवर्णकाळ मानतात. स्वातंत्र्ययुद्ध संपलें होतें, देशांत पैसा खेळूं लागला होता, आणि दस्त्यावर नव्या राष्ट्राचा गरुडहि येऊन बसला. ह्या काळच्या उत्तम रायफलींत धातु मोजकाच आहे, आणि लांकडावरील कोरीव वेल धातूला सांवरून धरतो. पुढें १८३० नंतर जर्मन सिल्व्हर ही, जींत चांदीचा अंशहि नाहीं अशी, स्वस्त धातु मिळूं लागली, आणि एकेका दस्त्यावर वीस वीस, तीस तीस तुकडे जडविले जाऊं लागले. संग्राहक त्यांनाहि मोठी किंमत देतात. आम्हांला मात्र तें लग्नांतील नवरीच्या अंगावर मागून आणलेल्या दागिन्यांसारखें वाटतें.

या कारागिरांपैकीं एकाची हकीकत आम्हांला विशेष सांगावयाची आहे. नाझरेथ गांवाजवळ मोरेव्हियन बंधूंची 'क्रिश्चन्स स्प्रिंग' नांवाची एक वस्ती होती. तेथें अविवाहित बंधु एकत्र राहून शेती व निरनिराळे धंदे करीत, आणि मुलांना हुन्नर शिकवीत. तेथील बंदुकांच्या कारखान्यांत आंद्रेआस आल्ब्रेख्त या जर्मनीहून आलेल्या कसबी कारागिराच्या हाताखालीं ख्रिस्तियान एर्टर हा मुलगा तयार झाला. १७६६ सालीं आल्ब्रेख्त बेथलेहेम येथील पथिकाश्रमाची व्यवस्था पाहावयास गेला, आणि कारखाना एर्टरच्या स्वाधीन झाला. त्या वेळीं एर्टरचें वय एकोणीस! तो १७७७ सालीं, तिशी उलटण्यापूर्वींच, वारला. त्याच्या हातच्या, नांव व सन घातलेल्या फार थोड्या रायफली आज उरल्या आहेत.

मोरेव्हियन बंधु युद्धांत शस्त्र धरण्याच्या विरुद्ध होते. आणि त्यांच्याच वस्तींत रायफली होत होत्या. अरण्याच्या कांठावर राहणाऱ्याला बंदूक हें शेताचें व स्वयंपाकघराचें अवजार होतें असें त्यांचें समर्थन करतां येईल, व तें खोटें नाहीं. पण १७७५ सालच्या १४ जूनला अमेरिकन काँग्रेसनें रायफलधाऱ्यांच्या दहा कंपन्या उभारण्याचा ठराव केला: सहा पेनसिल्व्हेनियाच्या, दोन मेरिलंडच्या, दोन व्हर्जिनियाच्या. शेताचें अवजार युद्धावर निघालें. तेथें त्याचे गुण दिसले तसे दोषहि दिसले. साधा शिपाई मिनिटास तीन बार काढी. रायफलवाल्याचा जेमतेम एक होई, आणि त्याच्या नळीला संगीन बसत नसे. १७७६ च्या ऑगस्टांत लाँग आयलंडवर शत्रु संगिनी रोखून अंगावर आला, तेव्हां पुष्कळ रायफलवाल्यांना ठासावयासहि अवसर मिळाला नाहीं. उलट पुढच्या वर्षीं साराटोगाच्या रानांत डॅनियल मॉर्गन याच्या नेमबाजांनीं इंग्रज अंमलदारांना वेंचून टिपलें. त्याच १७७७ सालीं बेथलेहेम येथील बंधूंचें निवासस्थान सैन्याचें इस्पितळ झालें होतें. क्रिश्चन्स स्प्रिंगपासून बेथलेहेम सुमारें दहा मैल. एका ठिकाणीं रायफली होत, दुसऱ्या ठिकाणीं गोळ्या लागलेल्यांच्या जखमा बांधीत. आणि दोन्ही घरें एकाच मंडळीचीं.

ह्याहून कडू गोष्ट पुढची आहे, आणि ती गाळून चांदीच्या ताऱ्याचें कौतुक करणें आम्हांला योग्य वाटत नाहीं. मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेले कांहीं लेनापी इंडियन लोक ओहायो प्रांतांत ग्नाडेनहूटन या खेड्यांत राहत असत. हे लोक लढाईंत कोणत्याच बाजूस नव्हते. १७८२ च्या मार्च महिन्यांत ते आपल्या शेतांतील उभें राहिलेलें पीक गोळा करावयास आले असतां पेनसिल्व्हेनियाच्या सरहद्दीवरील लोकसेनेनें त्यांस धरलें, आणि दुसऱ्या दिवशीं पुरुष, बायका व मुलें मिळून ९६ जणांस लांकडी हातोड्यानें ठार केलें. त्या सरहद्दीवरच्या माणसाचें नेहमींचें शस्त्र म्हणजे ही लांब रायफल. त्या दिवशीं तिचा बारहि काढावा लागला नाहीं. लेनापी व शॉनी लोकांनींहि हीच रायफल हातीं घेतली होती व तिनें गोऱ्यांचीं खेडीं ओस पाडलीं होतीं हेंहि खरें. पण ग्नाडेनहूटनच्या लोकांनीं तें केलें नव्हतें.

एर्टरच्या १७७५ सालच्या एका रायफलीची कथा सांगून हा लेख आटोपतों. ती व्हॅली फोर्ज येथील संग्रहालयांत होती. १९७१ च्या ऑक्टोबरांत तेथून ती चोरीस गेली, आणि पुढें कित्येक वर्षें तिचा पत्ता लागला नाहीं. शेवटीं जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानें एक रायफल विकत घेतली. ती त्याला प्रथम एखाद्या अलीकडच्या कारागिरानें केलेली नक्कल वाटली होती. बारकाईनें तपासल्यावर ती अस्सल व चोरीची आहे हें उमगलें, आणि २०१८ सालीं ती परत मिळाली. पुढच्या वर्षीं ती फिलाडेल्फियांतील अमेरिकन राज्यक्रांतीच्या वस्तुसंग्रहालयांत लोकांस पाहावयास ठेवण्यांत आली.

हें आम्हीं वर्गांत सांगितलें तेव्हां शेवटच्या बांकावरील तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, सत्तेचाळीस वर्षं तिला तेल कोण लावीत असेल?"